तार की बिनतारी?



गेले दोन महिने आमच्या वळसंगच्या घरात एकच चर्चा आहे. सध्या आमचं इंटरनेट गच्चीवरच्या डब्यातून येतं, म्हणजे बिनतारी. आता गावातल्या केबलवाल्याने फायबरची वायर आमच्या गल्लीपर्यंत आणली आहे आणि तो म्हणतो, जोडून घ्या. यजमानांचं म्हणणं, चाललंय ते चालू द्या. सासूबाईंना महाराजांचं प्रवचन मध्येच गोल गोल फिरत थांबू नये, एवढंच हवं. खरा प्रश्न सुनेचा आहे. ती पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. नातू दहा महिन्यांचा. मुलगा रोज सोलापूरला नोकरीला जाऊन येतो. मीटिंगमध्ये तिचा आवाज तुटतो म्हणून तिला वरून सांगितलंय, तीन महिन्यांत नेट नीट करा, नाहीतर पुण्यात येऊन बसा. म्हणजे सून नातवाला घेऊन पुण्यात, मुलगा अर्धा इकडे अर्धा तिकडे, आणि या मोठ्या वाड्यात आम्ही तिघं म्हातारी माणसं.

मला कुठलीही गोष्ट ठरवायची झाली की तिची जुनी कुळकथा शोधायची खोड आहे. यजमान त्याला वेळकाढूपणा म्हणतात. पण तार की बिनतारी हा वाद शंभर वर्षांचा आहे आणि त्यातला एक मोठा भाग आपल्या सोलापूर-पुणे रेल्वेच्या वाटेवरच घडलाय.

सुरुवात अर्थातच तारेची. १८३९ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले एक आयरिश डॉक्टर, विल्यम ओ'शॉनेसी, यांनी कलकत्त्याजवळ बांबूंवरून तार ओढून संदेश पाठवायचे प्रयोग केले. १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही लाइन सुरू झाली, १८५४ पर्यंत मुंबई, आग्रा, कलकत्ता ही शहरं तारेने जोडली गेली, आणि १८५५ पासून सामान्य माणसाला पैसे भरून तार करता येऊ लागली. १८६० साली आगगाडी सोलापूरपर्यंत आली. रूळ आणि तार यांची जोडी तेव्हापासूनची. लहानपणी गाडीत बसून खांबांवरच्या तारा वर-खाली होताना आपण सगळ्यांनीच पाहिल्यात.

पण परदेशाची बातमी? ती बोटीने यायची. आपल्या समाजातले प्रेमचंद रायचंद हे कापसाचे राजे. लिव्हरपूलचा भाव ज्याला आधी कळला तो श्रीमंत, असा तो काळ होता. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतले कितीतरी पेढीवाले एका फटक्यात बसले. प्रेमचंदही त्यात सापडले. (मुंबई विद्यापीठातला राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने उभा राहिला. आईंना दिसत नसे, आणि सूर्यास्ताआधी जेवण व्हायला हवं म्हणून त्यांना घड्याळाच्या टोल्यांचा आधार होत असे, असं सांगतात.) पुढे १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबई ते एडन समुद्राच्या तळाशी केबल टाकली. तिथून पुढे सुएझमार्गे इंग्लंडपर्यंत. बोटीला आठवडे लागत, ते काम आता काही तासांत, कधी मिनिटांत होऊ लागलं.

आज तुमच्या-माझ्या मोबाइलमधलं परदेशी इंटरनेट साधारण त्याच वाटेने येतं, बरं का. मुंबईच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या केबल, तांबड्या समुद्रातून, सुएझवरून. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट रडत-रखडत चालायला लागलं होतं. आपण वायफाय वायफाय म्हणतो, पण समुद्राखाली सगळी वायरच आहे.

तारेचा दुबळेपणा काय, तर ती तुटते. १८५७ साली बंडवाल्यांनी आधी तारा तोडल्या. १९४२ च्या चळवळीत आपल्याकडच्या कितीतरी गावांतल्या पोरांनी तेच केलं. आणि बिनतारीचा मोठेपणा काय, याची एक गोष्ट मला फार आवडते. पहिल्या महायुद्धात ‘एम्डेन’ नावाची जर्मन युद्धनौका आपल्या समुद्रात धुमाकूळ घालत होती. सप्टेंबर १९१४ मध्ये तिने मद्रासवर तोफा डागल्या. नोव्हेंबरमध्ये ती हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर गेली, कारण तिथे केबलचं ठाणं होतं. ते उद्ध्वस्त केलं की इंग्रजांचा ऑस्ट्रेलियाशी संपर्क तुटणार, असा हिशोब. जर्मन खलाशी बेटावर उतरले, त्यांनी केबल तोडल्या, बिनतारीचा मनोरा पाडला. पण ते पोहोचण्याआधीच ठाण्यावरच्या माणसांनी बिनतारीवरून हाक मारून ठेवली होती. ती हाक जवळून जाणाऱ्या ‘सिडनी’ या ऑस्ट्रेलियन जहाजाने ऐकली, ते धावून आलं आणि एम्डेनचा खेळ तिथेच संपला. दोन्ही साधनं एकाच बेटावर होती म्हणून हे झालं. हे मी जेवताना सांगितलं तेव्हा सून म्हणाली, "आई, म्हणजे दोन कनेक्शन घ्यायची का?" तिच्या मनातलं तिने काढून घेतलं.

आता आपल्या वाटेवरची गोष्ट. सोलापूरहून पुण्याला जाताना गाडी दौंडला थांबते, आपण चहा पितो आणि पुढे जातो. १९२७ साली याच दौंडला इंग्लंडहून येणारे बिनतारी संदेश पकडण्याचं केंद्र उभं राहिलं, आणि पाठवण्याचं केंद्र पुण्याजवळ खडकीला. याला ‘बीम वायरलेस’ म्हणत. मार्कोनीची ही पद्धत. लहान लहरी एका दिशेला, टॉर्चच्या झोतासारख्या फेकायच्या. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईत रेडिओ केंद्राचं उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झालं. म्हणजे बिनतारीची ती दिवाळीच म्हणायची.

बीम वायरलेस आलं आणि केबल कंपन्यांचं धाबं दणाणलं. कारण उघड आहे. समुद्रात हजारो मैल तांब्याची केबल टाकायची, तिला किडा-मासा, नांगर, भूकंप यांपासून सांभाळायचं, तुटली की जहाज पाठवून हुडकून काढायची. इथे मात्र दौंडला मनोरे उभे केले की झालं. साहजिकच बीमचे दर कमी, ग्राहक तिकडे पळाले. केबलवाले बुडतील अशी वेळ आली. मग बाजाराच्या न्यायाने त्यांना बुडू द्यायचं होतं ना? पण १९२८ साली लंडनला साम्राज्यातल्या सगळ्या सरकारांची परिषद भरली आणि तिथे ठरलं की केबल मरू द्यायची नाही. बिनतारी स्वस्त आहे खरी, पण हवेतला संदेश कोणीही ऐकू शकतो. शिवाय लहान लहरींचा खेळ वातावरणाच्या वरच्या थरांवर चालतो, दिवस-रात्र, ऋतू, सूर्यावरचे डाग यांप्रमाणे त्या कधी ठणठणीत तर कधी क्षीण. लढाईच्या वेळी असलं साधन एकट्यावर भरवशाचं नाही. म्हणून दोघांना एका कंपनीत बांधलं. १९३४ साली त्याच कंपनीचं नाव ‘केबल अँड वायरलेस’ झालं. सासू-सून एका घरात तसंच.

मला हे वाचून बरं वाटलं, कारण आमच्या गच्चीवरच्या डब्याचंही दुखणं याच जातीचं आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

खेड्यात मात्र या सगळ्यातलं काही पोहोचलं नाही. स्वातंत्र्याच्या वेळी सबंध देशात लाखभरही टेलिफोन नव्हते. पुढची चाळीस वर्षं गावात फोन म्हणजे पोस्टात एक, नाहीतर एखाद्या पाटलाकडे किंवा पेढीवर. नंबर लावून ट्रंक कॉलची वाट बघायची. आणि दारात ‘तार’ आली की वाचण्याआधीच बायका पदर तोंडाला लावायच्या, कारण तारेने चांगली बातमी क्वचितच यायची. ही तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली. कोणी फारसं रडलं नाही.

खेड्यातल्या फोनचं नशीब बदललं ते सी-डॉटमुळे. सॅम पित्रोदा अमेरिकेतून आले, १९८४ साली ही सरकारी संस्था सुरू झाली आणि तिने आपल्या धुळीत, उन्हात, एसीशिवाय चालेल असं १२८ लाइनचं छोटं एक्स्चेंज बनवलं. असं पहिलं एक्स्चेंज १९८६ साली बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसलं, राणी चेन्नम्माच्या गावी. मग पिवळे एसटीडीचे बूथ आले. रात्री दहानंतर दर कमी म्हणून लागलेल्या रांगा आठवतात? माहेरी फोन करायला मीही त्या रांगेत उभी राहिले आहे, धाकट्याला कडेवर घेऊन.

आकाशातून येणाऱ्या गोष्टींबद्दल एक मध्येच सांगते, कारण ती आपल्या शेजारची आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या एका वर्षात अमेरिकेच्या नासाकडून उसन्या घेतलेल्या उपग्रहावरून देशातल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही दाखवला गेला. त्यात विजापूर, गुलबर्गा, रायचूर या जिल्ह्यांतली गावं होती. तिकडे जाळीच्या मोठ्या छत्र्या लावलेल्या, चौकात सगळं गाव टीव्हीसमोर. तार कधी पोहोचली नसती तिथे चित्र पोहोचलं. आणि वर्ष संपलं तसा उपग्रह परत गेला, पडदा काळा. दुसऱ्याच्या हातातल्या दोरीचं हे असं असतं.

आता ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त विचार केला ती. कोल्हापूरकडच्या मैत्रिणींना वारणानगर सांगायला नको. तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला साखर कारखाना, दूध संघ, शाळा, बँक. तिथे १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून ‘वारणा वायर्ड व्हिलेज’ नावाचा प्रकल्प सुरू केला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावं. गावोगावी संगणकाचं केंद्र, तिथे एक शिकलेला मुलगा, आणि सगळी केंद्रं वारणानगरला जोडलेली. तेव्हा आपल्यापैकी किती जणींनी संगणक डोळ्यांनी पाहिला होता? आणि तिथे ऊस पिकवणारा शेतकरी आपल्या गावात बसून विचारू शकत होता की माझ्या उसाची नोंद झाली का, तोड कधी, वजन किती भरलं, पैसे किती झाले. त्याआधी यासाठी कारखान्यावर हेलपाटा मारावा लागे, एक दिवस मोडायचा.

मग काय झालं? स्वप्न मोठं होतं. त्या संगणकांवरून बाजारभाव, सरकारी योजना, आरोग्य, शिक्षण सगळं मिळणार होतं. प्रत्यक्षात लोक वापरत ते उसाच्या हिशोबासाठी. वीज जायची, संगणक बिघडायचे, दुरुस्तीला माणूस लांबून यायचा, खर्च कारखान्याच्या अंगावर. काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चची माणसं तिथे आली, त्यांनी बघितलं की एवढ्याशा माहितीसाठी एवढं अवजड सामान कशाला, आणि सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल ठेवून पाहिला. शेतकऱ्याचा नंबर एसएमएसने पाठवायचा, उत्तर एसएमएसने यायचं. आठ महिने हा प्रयोग चालला आणि लोकांना तोच जास्त आवडला. स्वस्त, आणि वीज गेली तरी चालू. त्याचं नाव काय ठेवलं असेल? ‘वारणा अनवायर्ड’! २००७ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला.

यजमानांनी हे ऐकलं तेव्हा टाळी वाजवायचेच बाकी होते. "बघ, वायर काढून फेकली त्यांनी." पण मला त्यात वेगळं दिसलं. वारणेच्या शेतकऱ्याला चार आकडे हवे होते, दिवसातून एकदा, तेही हंगामात. त्याला एसएमएस पुरेसा होता. आमच्या सुनेला सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा स्वतःचा चेहरा आणि आवाज पुण्याला सतत पाठवायचा आहे. ज्याचं काम चमच्याने भागतं त्याला पाइपलाइन कशाला, आणि जिला पाइपलाइन लागते तिला चमचा देऊन काय होणार? प्रश्न तार चांगली की बिनतारी, हा नाहीच. घरात काय चाललंय, हा आहे.

पुढचा इतिहास तुम्ही स्वतः जगला आहात, म्हणून भरभर सांगते. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने आपल्याकडे सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. २००४ च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड कशाला म्हणायचं, तर सेकंदाला २५६ किलोबिट वेग असेल त्याला. आज ती व्याख्या २ मेगाबिट आहे, म्हणजे जवळजवळ आठपट, आणि तीही आपल्याला आता हळूच वाटते. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून आलं. तांब्याचं दुखणं असं की एक्स्चेंजपासून जितकं लांब तितका वेग कमी, आणि तांबं चोरीलाही जातं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि इंटरनेट तारेवरून उतरून हातात आलं. चार-पाच वर्षांत गावातले लँडलाइन फोन कपाटावर गेले. मग २०२० चा लॉकडाऊन. सिंधुदुर्गातली एक विद्यार्थिनी रेंजसाठी डोंगरावर झोपडीत बसून वर्ग करते, ही बातमी आपण सगळ्यांनी वाचली. ऑक्टोबर २०२२ मध्ये फाइव्ह-जी सुरू झालं आणि २०२३ मध्ये ‘एअरफायबर’ नावाचे गच्चीवरचे डबे आले. नावात फायबर आहे, पण तुमच्या घरापर्यंत येते ती लहरच. फायबर टॉवरपाशी थांबतं.

दुसऱ्या बाजूला सरकारचं काम चाललं होतं. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायचं ठरवलं, त्याला पुढे ‘भारतनेट’ नाव मिळालं. पण पंचायतीच्या कपाटापर्यंत आलेलं फायबर माझ्या स्वयंपाकघरापर्यंत कोण आणणार, हा प्रश्न उरतोच. तो बहुतेक ठिकाणी गावातल्या केबलवाल्याने सोडवला. तोच माणूस, ज्याने आपल्याला आधी टीव्हीचे चॅनेल दिले. काचेची ही तार आपल्या महाराष्ट्रात बनते, हेही मला या निमित्ताने कळलं. छत्रपती संभाजीनगरला तिचा मोठा कारखाना आहे. केसाएवढी काच, आणि तिच्यातून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो.

आता आमच्या डब्याचं दुखणं. टॉवरजवळ जेवढ्या लहरी आहेत त्या भोवतालच्या सगळ्यांनी वाटून घ्यायच्या असतात. दुपारी तीनला नेट छान असतं. संध्याकाळी सातनंतर गाव जेवून मोबाइल घेऊन बसलं की वेग बसतो. आमच्याकडे जेवण सूर्यास्ताआधीच उरकतं, सासूबाई सातला प्रवचन लावतात आणि नेमकी तीच वेळ गर्दीची. मागच्या पावसाळ्यात मागच्या आवारातला लिंब फोफावला, टॉवरच्या बाजूनेच, आणि तेव्हापासून सुनेचा आवाज जास्त तुटायला लागला, हे आमच्या लक्षात यायला वेळ लागला. फाइव्ह-जीच्या उंच लहरींना पानं आणि भिंती सोसत नाहीत. लिंब तोडायचा विषय सासूबाईंनी एका वाक्यात संपवला. त्यावर साळुंक्यांची घरटी आहेत.

फायबरही वाटलेलंच असतं, हे केबलवाला सांगत नाही. एका काचेच्या तारेतला सुमारे अडीच गिगाबिटचा प्रवाह ३२ किंवा ६४ घरांत वाटतात. पण ६४ जणांनी वाटून घेतलं तरी वाट्याला चाळीसच्या आसपास मेगाबिट येतात, तेही सगळे एकदम ओढत असतील तर. आणि पाऊस, पानं, गर्दी यांनी ते हलत नाही. हलतं ते जेसीबीने. अक्कलकोट रस्ता चौपदरी झाला तेव्हा किती वेळा काय काय उकरलं गेलं ते गावाला ठाऊक आहे. तार तुटते, हे १८५७ पासून ठाऊक आहे. वीज गेली तर घरातला फायबरचा डबाही बंद, टॉवरला मात्र बॅटरी असते.

तेव्हा ठरलं ते असं. वायर घ्यायची. कंपनीचा गच्चीवरचा डबा परत द्यायचा, त्याचं भाडं वाचेल. मात्र सुनेच्या मोबाइलमध्ये वेगळ्या कंपनीचं एक सिम वर्षभराच्या रिचार्जचं ठेवायचं, वायर तुटली तर त्या दिवसापुरतं. वायफायचा राऊटर आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यायचे, वायरमनला त्यासाठी एक वेगळा पॉइंट काढायला सांगितलाय. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले तर सूट देतो म्हणणाऱ्या केबलवाल्याला मी पहिले दोन महिने महिन्याचे महिन्याला देईन म्हटलंय. आणि त्याला चार प्रश्न विचारले: तुटली तर किती तासांत जोडणार, रविवारी माणूस मिळेल का, एका फांदीवर किती घरं, आणि वायर विजेच्या खांबावरून आणणार की वेगळी. शेवटच्या प्रश्नाला तो जरा घुटमळला. मग मागच्या बोळातून, आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या कंपाउंडवरून पाइपातून आणायचं कबूल केलं. काकूंनाही कनेक्शन हवंय, त्यांच्या नातवाची दहावी आहे.

सून सोमवारी रजा टाकणार आहे, वायर जोडायला माणूस येईल त्या दिवशी घरी राहायला. यजमान अजून म्हणतात, एवढा खटाटोप कशाला. पण परवा त्यांनीच बोळातली अडगळ बाजूला करून पाइपाला जागा केली.